घरातील जुनी घड्याळे आणि त्यांचे खरे वय
(ग्रंथसंग्रहालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



हैदराबादच्या चारमिनारावर चार दिशांना चार घड्याळे बसविण्यात आली ती १८८९ साली. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९२ मध्ये, महबूब चौकातील घड्याळाचा मनोरा उभा राहिला. त्यापूर्वी येथील मराठी घरांना वेळेचे भान नव्हते असे नाही. पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र होते. चोवीस मिनिटांची एक घटका आणि साठ घटकांचा अहोरात्र हा हिशेब घरोघरी ठाऊक होता. लग्नाचा मुहूर्त त्यावरच साधला जाई. परंतु कचेरी, शाळा आणि आगगाडी यांचे काम घटकांवर भागेना. मग वकिलांच्या, सावकारांच्या आणि सरकारी नोकरीतल्या मंडळींच्या दिवाणखान्यांत लंबकाची घड्याळे टांगली गेली. त्यांतली कितीतरी आजही शाबूत आहेत. काही चालतात, बरीचशी थांबलेली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीविषयी घरात एक कथा आहे.

या कथा आणि प्रत्यक्ष घड्याळ यांचा मेळ कसा घालावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

एका जुन्या मराठी घराचे उदाहरण त्यासाठी उपयोगी पडेल. वाडा पाडून तेथे इमारत व्हायची होती. तिघे भाऊ आणि एक वडीलबहीण वाटणीसाठी जमले. घरात चार जुनी घड्याळे होती. दिवाणखान्यातले मोठे घड्याळ पहिल्या सालारजंगांनी पणजोबांना बक्षीस दिले, असे तीन पिढ्या सांगत आल्या होत्या. ते घ्यायला एक व्यापारी तयार होता. ‘सालारजंगांच्या वेळचे’ म्हणून त्याने किंमतही बरी सांगितली. मात्र पेटीला नवे पॉलिश आणि तबकडीला नवा रंग देऊनच तो ते पुढे विकणार होता. अक्का म्हणजे वडीलबहीण विकायला राजी नव्हत्या. धाकट्या भावाने मग एवढेच सुचविले की, विकायचे की ठेवायचे हे नंतर ठरवू. आधी वस्तू काय आहे ते पाहू.

पाहण्याची पहिली पायरी म्हणजे काहीही न पुसणे. लंबक काढून ठेवावा, पेटी उघडावी, आतला प्रत्येक कागद, शिक्का आणि अंक जसा आहे तसा उतरवून घ्यावा, छायाचित्र काढावे. यंत्र पेटीबाहेर काढण्याचे काम घड्याळजीचेच. चावी दिलेली कमान न सोडता मळसूत्रे सैल केली तर दंतचक्रे तुटतात आणि हातालाही इजा होते. घड्याळाचे वय पेटीच्या मागच्या फळीवर, यंत्राच्या पितळी पट्टीवर आणि आत चिकटविलेल्या जीर्ण कागदावर लिहिलेले असते. पॉलिशवाल्याच्या फडक्याने नाहीशी होणारी जागा नेमकी हीच.

दुसरी पायरी म्हणजे तबकडीवरच्या नावावर एकदम विश्वास न ठेवणे. ते नाव कारखान्याचे असते तसेच विक्रेत्याचेही असू शकते. सालारजंग संग्रहालयात दर तासाला ज्याचे टोले ऐकण्यासाठी गर्दी जमते, त्या सुप्रसिद्ध घड्याळाशी कुक अँड केल्व्ही हे नाव जोडलेले आहे. ही कलकत्त्याची जवाहिरे आणि घड्याळे विकणारी पेढी होती. मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील अनेक व्यापारी परदेशी यंत्रांच्या तबकड्यांवर आपले नाव घालून घेत. तेव्हा निर्माता शोधायचा तो तबकडीमागे, यंत्रावर.

त्या घरातले पहिले घड्याळ फळीवर ठेवायचे, काळ्या पेटीचे होते. यंत्रावर ‘ॲन्सोनिया, न्यूयॉर्क’ ही अक्षरे आणि १४ जून १८८१ ही तारीख. घरच्यांनी घड्याळाचे साल १८८१ असे कधीच ठरवून टाकले होते. परंतु ही तारीख पेटंटची आहे. पेटंट मिळाल्यावर तेच यंत्र कारखाना वर्षानुवर्षे बनवीत राही आणि तीच तारीख ठोकीत राही. ॲन्सोनिया कंपनीचे काम १९२९ मध्ये थांबले आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली. म्हणजे या घड्याळाविषयी निश्चित म्हणता येते ते एवढेच की, ते १८८१ पूर्वीचे नाही आणि १९२९ नंतरचे नाही. पेटंटची तारीख ही अलीकडची नव्हे, पलीकडची सीमा सांगते.

दुसरे घड्याळ अडगळीच्या खोलीत, कोळिष्टकांत पडले होते. उंच, अरुंद, काचेच्या दाराचे. यंत्रावर नांगराचे चिन्ह, ‘जी. बी.’ ही अक्षरे आणि सहा लाखांच्या घरातला एक क्रमांक. हे गुस्टाव बेकर यांच्या कारखान्याचे घड्याळ. तो कारखाना १८४७ मध्ये सायलीशियातील फ्रायबुर्ग येथे निघाला. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. बेकर यांच्या घड्याळांना ओळीने क्रमांक पडत. पाच लाखावे घड्याळ १८८५ चे, दहा लाखावे १८९२ चे. म्हणजे अडगळीतले हे घड्याळ या दोन सालांच्या मधले. इतकी वर्षे ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही ते घड्याळ चारमिनारावरच्या घड्याळांच्या बरोबरीचे निघाले.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जर्मन यंत्रांवर आणखीही लहान अंक असतात. त्यांतला एखादा लंबकाची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतो, तर एखादा लंबकाचे मिनिटाचे ठोके. शंभराच्या आसपासचा असा अंक पाहून त्यात साल शोधणारे पुष्कळ असतात. क्रमांक, साल आणि माप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरे घड्याळ युंगहान्स कंपनीचे, आठ टोकांच्या ताऱ्यात ‘जे’ हे अक्षर असलेले. यंत्राच्या पट्टीवर ‘बी १२’ असा बारीक शिक्का. या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वर्षाच्या पहिल्या सहामाहीला ‘ए’ आणि दुसरीला ‘बी’ ही खूण ठेवली होती. तेव्हा हे १९१२ च्या उत्तरार्धातले. जेथे असा शिक्का नसतो तेथे देशाचे नाव मदतीला येते. ब्रिटनमध्ये १८८७ साली मालावरील चिन्हांचा कायदा झाला, हिंदुस्थानात १८८९ साली. त्यानंतर ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे सर्रास दिसू लागली. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर घड्याळ १९४९ नंतरचे, आजोबांनी काहीही सांगितले असले तरी. मात्र देशाचे नाव नाही म्हणून घड्याळ त्याआधीचेच, असा उलटा निष्कर्ष काढू नये. कागद गळून पडतात, तबकड्या बदलतात.

पेटी एका घड्याळाची आणि यंत्र दुसऱ्याचे, असेही वारंवार आढळते. मागच्या फळीवर रिकामी भोके असतील, चावीची भोके तबकडीशी नीट जुळत नसतील, लंबक पेटीला घासत असेल, तर पेटी आणि यंत्र यांचे वय वेगवेगळे मोजावे लागते.

आता दिवाणखान्यातले मोठे घड्याळ. यंत्रावर सेथ थॉमस हे नाव. अमेरिकेतील कनेटिकट प्रांतातला हा नामांकित कारखाना. पेटीतला छापील कागद अर्धा शिल्लक, खालचा भाग विरघळल्यासारखा. मागच्या फळीवर, वरच्या बाजूला, फिकट शाईत ‘७०९१ जे’. कोणालाही हा साधा क्रमांक वाटावा. वस्तुतः हा कारखाना १८७६ च्या सुमारापासून सुमारे चाळीस वर्षे पेटीवर साल उलट क्रमाने छापीत असे आणि पुढे महिन्यासाठी एक अक्षर ठेवी. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘एल’ म्हणजे डिसेंबर. ७०९१ उलट वाचले की १९०७. ‘जे’ म्हणजे ऑक्टोबर.

पहिले सालारजंग १८८३ मध्ये निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी तयार झालेले घड्याळ त्यांनी बक्षीस देणे शक्य नव्हते. व्यापाऱ्याने किंमत उतरवली. अक्का त्या दिवशी कोणाशी बोलल्या नाहीत. घरातली गोष्ट खोटी ठरली की ती सांगणारी माणसेही खोटी ठरल्यासारखी वाटतात, आणि ते दुःख शिक्का वाचणाऱ्याला दिसत नाही.

परंतु त्या विरघळलेल्या कागदाचा उलगडा अजून व्हायचा होता. घरात पणजोबांच्या हातच्या मोडी चोपड्या होत्या, त्याही रद्दीच्या ढिगात गेलेल्या. मोडी जाणणाऱ्या एका ज्येष्ठ ग्रंथालय-सभासदाने त्या वाचल्या. फसली १३१८ च्या आरंभीच्या पानावर एक खर्च निघाला: घड्याळाची पेटी चिकटविणे आणि यंत्र साफ करणे, रक्कम हाली शिक्क्यात. निजामी राज्यातले फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. त्यात ५९० मिळविले की आरंभीचे इसवी सन येते. म्हणजे ऑक्टोबर १९०८ च्या सुमाराची ही नोंद. त्याच्या थोडेच आधी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हजारो माणसे नेली होती. कुटुंबाचे त्या वेळचे घर नदीलगतच्या मोहल्ल्यात होते. पुढच्या पानांवर धान्य, कपडे, भांडी, अशी संसार पुन्हा उभा करण्याची खरेदी आहे. आणि त्या खरेदीच्याही आधी घड्याळाची दुरुस्ती आहे.

बक्षिसाची कथा कोठून आली, हे चोपडी सांगत नाही. पण सगळे घर भिजलेले असताना त्या माणसाने घड्याळजीला पैसे का दिले असतील, याचा विचार तिघा भावांनाही करावा लागला. पुरातून वाचलेले घड्याळ म्हणून त्याला बाजारात जास्त दर मिळत नाही. ते विकले गेले नाही, एवढे मात्र खरे. ते आता अक्कांच्या घरी आहे.

श्रोतेहो, वयाचा निर्णय हा कथेचा शत्रू नव्हे. चुकीचे साल दूर झाले म्हणूनच खरी हकिगत दिसण्यास जागा झाली. त्यासाठी घड्याळ, त्याचा शिक्का आणि घरची चोपडी ही तिन्ही एकाच वेळी शिल्लक असावी लागतात. वाडे पडत असताना घड्याळ व्यापाऱ्याकडे, चोपडी रद्दीत आणि आठवण वृद्धांबरोबर, अशा तीन वाटांनी ही तिन्ही निघून जातात. ग्रंथालयाच्या प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील घड्याळाविषयी एक पान लिहावे: यंत्रावर काय आहे, पेटीत काय आहे, कोणत्या दुरुस्त्या झाल्या आणि घरात काय सांगतात. त्याची एक प्रत घड्याळाच्या पेटीत राहावी, दुसरी ग्रंथालयात.

त्या घरात असे पान लिहिले गेले आहे. धाकट्या भावाने त्यात शिक्का, साल आणि चोपडीतील नोंद उतरवली. खाली थोडी जागा सोडून अक्कांनी स्वतःच्या हाताने सालारजंगांची गोष्टही लिहिली आहे, आणि आरंभी एवढेच म्हटले आहे की, हे आईने सांगितले.