पाण्याचा स्वभाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही' ही तक्रार आपणां कोणालाच नवी नाही. पुष्कळदा दोष डाळीचा नसून पाण्याचा असतो. आणि पाण्याचा स्वभाव ठरतो तो खालच्या दगडावरून व वरच्या ऋतूवरून.

देशावरचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर. पावसाचे पाणी मातीतून मुरताना तेथील कार्बन डायॉक्साइड वायू घेते, किंचित आम्ल होते आणि दगडातील हे अंश हळूहळू विरघळवते. तेच आपले जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ निबर राहते, बंबात पांढरे पुट चढते. कोकणच्या जांभ्यातून मात्र युगानुयुगांच्या पावसाने हे अंश धुऊन नेले आहेत; म्हणून तिकडचे पाणी हलके.

आता ऋतू पाहा. आषाढात नदी गढूळ दिसते, पण तिच्यात विरघळलेले क्षार कमी असतात; कारण ते पाणी दगडाशी फार वेळ थांबलेलेच नसते. वैशाखात नदी जगते ती जमिनीतल्या झऱ्यांवर. तेव्हा पाणी नितळ, पण क्षार अधिक. विहिरीचेही बहुधा तसेच. शिवाय पहिल्या पावसात शेतातील खताचा व उकिरड्याचा अंश तिच्यात झिरपू शकतो.

म्हणून नितळ ते निर्मळ असे समजू नका. जड पाणी त्रासाचे खरे, पण बहुधा अपायाचे नव्हे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही ठिकाणी ग्रॅनाइटच्या जातीचे खडक आहेत. तेथील काही कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड उतरते. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि प्रमाण फार असल्यास पुढे हाडे व सांधे ताठरतात. उकळल्याने चुना खाली बसतो. फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

तेव्हा मंडळाने एवढे काम अंगावर घ्यावे. प्रत्येक आळीतील विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी वर्षातून दोनदा, वैशाखात व पावसाळा संपल्यावर, सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि आकडे एका वहीत मांडावेत. कोणते पाणी मुलांच्या पेल्यात घालावे व कोणते धुण्याभांड्यांस ठेवावे, हे ती वही सांगेल.