मुळांतील गांठ आणि पेशींची पोथी



हिवाळ्यांत नंदुरबार शहराबाहेर पडलें, म्हणजे मिरचीच्या पथाऱ्या दृष्टीस पडतात. मैदानभर वाळत घातलेल्या मिरच्यांची ती लाली पाहून मन प्रसन्न होतें. आज मात्र मी आपणांस त्या लालीकडे नव्हे, तर त्याच झाडाच्या मातींत दडलेल्या मुळांकडे नेणार आहें.

भर दुपारीं मिरचीचें एखादें झाड मान टाकतें आणि सायंकाळीं पुन्हां सावरतें. जमिनींत ओल असते, खतहि घातलेलें असतें. तरी पानें पिवळीं पडतात, वाढ खुंटते. शेतकरी बियाण्याला दोष देतो, आणखी पाणी सोडतो. पण झाड हळूच उपटून मुळें धुवून पाहिलीं, कीं खरें कारण हातीं येतें. मुळांवर जागोजागीं गांठी आलेल्या असतात. हरभऱ्याच्या मुळांवरहि गांठी असतात हें खरें. परंतु त्या उपकारी जंतूंच्या असून नखानें सहज सुटतात. या गांठी सुटत नाहींत, कारण येथें मूळच फुगलेलें असतें.

हें काम सूत्रकृमींचें. इंग्लंडांत बर्कले या शास्त्रज्ञानें काकडीच्या मुळांवरील अशा गांठींचें वर्णन १८५५ मध्यें केलें. आपल्या देशांत बार्बर यांनीं १९०१ मध्यें दक्षिणेंतील चहाच्या मळ्यांत या कृमींची नोंद केली. अंड्यांतून निघालेलें पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनहि लहान. तें मुळाच्या कोंवळ्या टोंकाजवळून आंत शिरतें, पांच-सात पेशी निवडतें आणि सुईसारख्या मुखांगानें त्यांत आपला स्राव सोडतें. मग त्या पेशींचें वर्तनच पालटतें. त्यांतील केंद्रकें पुनःपुन्हां दुभंगतात, पण पेशी दुभंगत नाहीं. ती फुगून राक्षसी होते आणि कृमीला अन्न पुरवीत बसते. मादी तेथेंच ठाण मांडून शेंकडों अंडीं घालते. उष्ण जमिनींत हा सारा फेरा सुमारें महिनाभरांत पुरा होतो. मिरचीप्रमाणेंच शहाद्याकडे होणारी पपईहि या कृमीची आवडती.

झाडाच्या पेशीला शत्रूसाठीं कोठार उभारण्याची बुद्धि होते तरी कशी? कृमी झाडाचीं जनुकें कांहीं बदलीत नाहीं. जनुकें धारण करणारा डीएनए ही एक पोथी आहे असें समजा. मुळाच्या पेशींत जी पोथी, तीच पानाच्या पेशींत. परंतु प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतींच पानें उघडते. हें उघडणें-मिटणें दोन प्रकारांनीं होतें. डीएनएच्या अक्षरांवर मेथिल नांवाच्या इवल्या रासायनिक खुणा बसतात किंवा उठतात. आणि ज्या प्रथिनांच्या रिळांवर हा धागा गुंडाळलेला असतो, त्यांची पकड घट्ट वा सैल होते. अक्षर एकहि बदलत नाहीं. कोणतें पान वाचलें जाईल, एवढेंच बदलतें. या विषयाला ‘एपिजेनेटिक्स’ म्हणतात. हें नांव वॉडिंग्टन यांनीं १९४२ मध्यें रूढ केलें.

बेल्जममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० मध्यें या संबंधांत मोठें उद्बोधक काम प्रसिद्ध केलें. सूत्रकृमींची चाहूल देणारीं द्रव्यें भाताला व टोमॅटोला दिलीं, तेव्हां त्यांच्या मेथिल-खुणा मोठ्या प्रमाणावर पुसल्या गेल्या. भाताच्या कोंवळ्या गांठींतहि तेंच आढळलें. मग त्यांनीं औषध देऊन या खुणा मुद्दाम कमी केल्या. तेव्हां भातावरील कृमींचा उपद्रव घटला. म्हणजे खुणा पुसणें ही झाडाची आपल्या रक्षणाची धडपड होती! मात्र एक गोष्ट लक्षांत ठेवावी. ज्या जनुकांजवळच्या खुणा पुसल्या गेल्या, तीं तत्काळ जागीं झालीं नाहींत. त्यांचें काम उशिरानें सुरू झालें. पान उघडलें, पण वाचन लांबलें. आणि कृमीला तर कोठार उभारण्यास थोडेच दिवस पुरतात.

भात आपल्या नवापूर तालुक्यांत पिकतो, आणि टोमॅटो तर मिरचीचा सगोत्रच. म्हणून ही दूरदेशची वार्ता आपल्याहि बांधाजवळची आहे. रानटी टोमॅटोपासून मिळविलेलें एक कृमिरोधक जनुक आज कित्येक वाणांत आहे. परंतु जमिनीचें तपमान २८ अंशांपलीकडे गेलें कीं त्याचें बळ ओसरतें. खानदेशच्या उन्हाळ्यांत या आंकड्याचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको! नुसतें जनुक असून भागत नाहीं. तें वेळेवर कामास आलें पाहिजे. झाडाला ती वेळ साधून देतां आली, तर विषारी औषधें मातींत ओतण्याची गरज पुष्कळ कमी होईल.

तोंपर्यंत जुने उपायच खरे: उन्हाळ्यांत खोल नांगरट करावी, गांठी नसलेलींच रोपें लावावीं, मिरचीमागून वांगें-टोमॅटो घेऊं नये, मधून झेंडू लावावा. आणि आपल्या गच्चीवरील कुंडींतलें मिरचीचें रोप उगाच सुकूं लागलें, तर तें फेंकून देण्यापूर्वीं एकदां त्याचें मूळ धुवून पाहावें.