उमेदवारी आणि उमेद
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांविषयी दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. आम्ही पेशाने शाळामास्तर. यंत्रविद्येत आमची गती नाही. परंतु आमच्या वर्गातून गेलेली मुले इंजिनिअर होताना आम्ही जवळून पाहिली आहेत.

या मुलांना पदवीपूर्वी काही आठवडे कारखान्यात काम करावे लागते. त्यास हल्ली इंटर्नशिप म्हणतात. आपला जुना शब्द उमेदवारी. १९६१ च्या कायद्यातही ‘शिकाऊ उमेदवार’ असेच म्हटले आहे. १९७३ साली पदवीधर इंजिनिअरही त्या कायद्याखाली आले. हा शब्द फारसीतील ‘उमेद’वरून आला. मात्र उमेदवारीने उमेद वाढतेच असे नाही.

आमचा एक विद्यार्थी नेहमी पहिल्या वर्गात पास होई. पहिल्या खेपेस एका कारखान्यात त्याला महिनाभर नोंदवहीत आकडे उतरवावयास बसविले. यंत्राला हात लावू दिला नाही. दाखला तेवढा सुरेख मिळाला. तो आम्हांस म्हणाला, “सर, मला काहीच येत नाही, एवढेच तिथे कळले.”

पुढच्या वर्षी तो बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत गेला. तेथे ओतीव भागांत पोकळ्या राहून माल परत येत होता. मिस्त्रींनी कारण शोधण्याचे काम त्याच्यावर सोपविले. त्याने प्रथम लोखंडाच्या तापमानास दोष दिला. मिस्त्री रागावले नाहीत. “वाळू पाहिलीस का?” एवढेच त्यांनी विचारले. मग आठ दिवस तो साच्याच्या वाळूतील ओल मोजीत राहिला. ओल जास्त झाली की तप्त रसाने तिची वाफ होई आणि ती आत कोंडून पोकळी राही. ओल बेताची ठेवताच खराब माल कमी झाला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याने आपली चूक आधी सांगितली व ती कशी उमगली ते मग सांगितले. त्याचा आवाज कापला नाही.

बी. एड.च्या पहिल्या सरावपाठाला आमचाही खडूचा हात थरथरत होता. मार्गदर्शक मागच्या बाकावर बसले होते. तास संपेपर्यंत ते मध्ये बोलले नाहीत. चुका नंतर एकांतात सांगितल्या. तेवढ्या विश्वासावर आमची आजवरची नोकरी झाली.

ट्रस्ट फी भरतो, हे मोठेच काम आहे. परंतु ज्याच्या वडिलांची कोठे ओळख नाही, त्याला कारखान्याचे दार कोण उघडणार? आपल्यापैकी ज्यांचे वर्कशॉप आहे, त्यांनी वर्षाला एक मुलगा अथवा मुलगी ठेवून घ्यावी. त्यांना एक खरे काम द्यावे, विचारावयास एक जाणते माणूस द्यावे आणि एकदा चुकू द्यावे. शिष्यवृत्तीइतकेच हेही दान आहे, अशी आमची नम्र विनंती आहे.