ओपन, क्लोज आणि डबल फॉल्ट

(टोकावडे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



शेजारच्या पाड्यावर आज हळद आहे. डीजे इथपर्यंत ऐकू येतोय, तरीही तुम्ही एवढे जण आलात याचं मला अप्रूप वाटतं. फळ्यावरचा विषय वाचून काही जण हसले असतील. बायकांचं टेनिस आणि त्यावरचा सट्टा! या पंचक्रोशीत चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण टेनिसची रॅकेट हातात धरलेली पोरगी मी एकदाही पाहिली नाही. सट्टा मात्र पाहिला. इथेच नाक्यावर, वडापावच्या गाडीला टेकून उभ्या असलेल्या पोराच्या फोनवर पाहिला. पोरगा माझाच विद्यार्थी. नाव सांगणार नाही, त्याची आई इथे बसलेली असू शकते. 2024 च्या जुलैमध्ये विम्बल्डनच्या महिलांच्या फायनलवर त्याने पाचशे रुपये लावले होते. ती संध्याकाळ मी शेवटी सांगेन, कारण त्याआधी थोडा इतिहास आणि थोडं गणित लागेल. गणिताचा मास्तर आहे, तेवढं सोसा.

सुरुवात मटक्यापासून, म्हणजे आकड्यांच्या जुगारापासून करतो. आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटतं की 'कल्याण' मटका म्हणजे आपलं कल्याण, जिथे एसटीतून उतरून आपण लोकल पकडतो. तसं नाही. ते नाव कल्याणजी भगत यांच्यावरून आलं. कच्छमधून मुंबईला आलेला माणूस. पण मटका त्यांच्याही आधीचा आहे, आणि त्या वेळी त्यात मडकं नव्हतं. होता कापूस. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव उघडताना काय, मिटताना काय, हे टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये यायचं, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथून आले. आपल्या बापजाद्यांनी ओपन-क्लोज हे शब्द इतक्या सहज वापरले की ते मराठीच वाटायचे, पण त्यांच्या मुळाशी अमेरिकेतला कापूस आहे.

आता गंमत बघा. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं बंद झालं. धंदा बसायला हवा होता ना? बसला नाही. 1962 मध्ये कल्याणजींनी वरळीत आपला मटका सुरू केला, 1964 मध्ये रतन खत्रींनी 'न्यू वरळी' काढला. कापूस गेला, मडकं आलं. मडक्यातून चिठ्ठी काढायची. पुढे पत्ते आले: तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक धरायचा. तीन, सहा, आठ म्हणजे सतरा, आकडा सात. कापूस काढून घेतला तरी कुणाची तक्रार आली नाही, कारण कापसाशी कुणाला काही घेणंच नव्हतं. सगळ्यांना आकडा हवा होता. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकीचं सगळं या एका गोष्टीला लावलेलं झालर-तोरण समजा.

मी स्वतः आकडा लावलेला आहे. मास्तर होण्याआधी, दोन वर्षं. कुणाच्या स्वप्नात काय आलं, कुठल्या बाबाने किती बोटं दाखवली, यावरून आम्ही आकडा काढायचो. एकदा रुपयाला जोडी लागली, म्हणजे ओपन आणि क्लोज दोन्ही आकडे जुळले, नव्वद रुपये आले, आणि त्या पैशांचं मी मनगटी घड्याळ घेतलं. सगळ्यांना दाखवत फिरलो. पण खोड अशी की हिशेब वहीत लिहायचो. दोन वर्षांची बेरीज केली तेव्हा कळलं, ते नव्वदचं घड्याळ मला दोनशे तीसला पडलं होतं.

कसं, ते बघा. शून्य ते नऊ हे दहा आकडे. दहा जणांनी एकेक आकड्यावर दहा-दहा रुपये लावले, जमले शंभर. एकाचा आकडा लागला, त्याला नऊ पट म्हणजे नव्वद मिळाले. राहिलेले दहा कुठे गेले? बुकीकडे. सात आला काय आणि तीन आला काय, त्याचे दहा ठरलेले. जोडीचंही तेच, शंभर शक्यता आणि नव्वद पट भाव. आपल्याला वाटतं बुकी अंदाज बांधतो. तो कसला अंदाज बांधतो? तो वाण्यासारखा बसलेला असतो.

आता टेनिसकडे या. दोन तुल्यबळ मुली खेळतायत. बुकी दोघींनाही 1.90 चा भाव देतो. म्हणजे शंभर लावा, जिंकलात तर एकशे नव्वद घ्या. तुम्ही हिच्यावर शंभर लावलेत, मी तिच्यावर शंभर. जमले दोनशे, जिंकणाऱ्याला एकशे नव्वद, दहा बुकीचे. दोनशेवर दहा म्हणजे शेकडा पाच. मटक्यात शेकडा दहा होते. माझा विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, मग हे बरं की! अर्ध्यातच काम."

मी त्याला विचारलं, मटक्याचा आकडा दिवसातून किती वेळा फुटायचा? ओपन एकदा, क्लोज एकदा. आणि त्या विम्बल्डन फायनलमध्ये गेम किती झाले? 6-2, 2-6, 6-4. बेरीज सव्वीस. प्रत्येक गेमवर शंभर लावले तर दोन तासांत सव्वीसशे फिरले, आणि पाच टक्क्यांनी एकशे तीस हिशेबाने गेले. गेमवरच कशाला थांबायचं? आता प्रत्येक पॉइंटवर लावता येतं, आणि पॉइंट अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक. नांगराचा फाळ लहान केला आणि फेऱ्या शंभरपट वाढवल्या, तर जमीन कमी उकरली जाईल का?

यासाठी बायकांचं टेनिस बरं पडतं, यात त्या मुलींचा काही दोष नाही. मॅच तीन सेटची, म्हणजे लवकर उरकते. बरोबरी होत नाही. वर्षभर जगात कुठे ना कुठे स्पर्धा चालूच असते. आणि निकाल उलटेसुलटे लागतात. 2021 ला अमेरिकेत एमा राडुकानू पात्रता फेरीतून आली आणि एकही सेट न गमावता दहा मॅच जिंकून चषक घेऊन गेली. 2023 ला विम्बल्डन जिंकणारी वोंद्रुशोव्हा मानांकन यादीतच नव्हती. 2024 ची विजेती बार्बोरा क्रेचिकोव्हा एकतिसाव्या मानांकनावर होती. खेळ बघणाऱ्याला यात आनंद आहे. लावणाऱ्याला मात्र वाटतं, आपल्यालाही असंच घबाड लागेल.

आता जरा कायद्याचं बघू. विम्बल्डनमध्ये महिलांची पहिली स्पर्धा 1884 ला झाली. तेरा जणी खेळल्या, मॉड वॉटसन जिंकली, आणि फायनलमध्ये तिने आपल्याच बहिणीला हरवलं. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, 1887 ला आला. मटक्याच्या अड्ड्यावर धाड पडली की पेपरात 'कलम 12 (अ)' छापून येतं, ते याच कायद्याचं. इंग्लंडने मात्र मे 1961 मध्ये सट्ट्याची दुकानं कायदेशीर करून टाकली. म्हणजे ज्या वर्षी मुंबईला कापसाचे भाव यायचे थांबले, त्याच वर्षी लंडनमध्ये सट्ट्याची दुकानं उघडली. आपल्याकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. पण परदेशात बसलेल्या साइटला इथला कायदा कितपत पोहोचतो? गावातल्या एखाद्या पोराला चार-दोन हजार देऊन त्याचं बँकेचं खातं वापरायला घेतात, आणि मग पोलीस येतात ते त्या पोराच्या दारात. तरुण मंडळी, हे जरा कान देऊन ऐका. खातं भाड्याने द्यायला ती काही खोली नव्हे.

आता टेनिसच्या खालच्या पायरीकडे येतो, तिथली गोष्ट कुणी सांगत नाही. टीव्हीवर दिसतं ते शिखर. पायथ्याशी पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धा असतात. ती रक्कम एका मुलीची नाही, सगळ्या स्पर्धेची मिळून. त्यातून तिचं विमान, खोली, कोच. आपल्या महाराष्ट्रातल्या मुलीही याच पायऱ्या चढतात. ऋतुजा भोसले श्रीरामपूरची. आपला हाच रस्ता माळशेज घाट चढून तिच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याकडे जातो. हांगचौच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर तिने सुवर्ण आणलं. मुंबईत सीसीआयच्या, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर 2025 ला कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन सेमीफायनलपर्यंत गेली. दहावीतल्या मुलीचं वय! अशा मुलींच्या छोट्या छोट्या मॅचचेही आकडे जगभर विकले जातात. खुर्चीतला पंच हातातल्या यंत्रावर गुण नोंदवतो आणि तो गुण त्याच क्षणी सट्ट्याच्या बाजारात पोहोचतो. काही पंचांनी मुद्दाम गुण उशिरा नोंदवून सोबत्यांना आधी कळवले, त्यांच्यावर बंदी आली. 2014 ला मेलबर्नमध्ये एका इंग्रज माणसाला प्रेक्षकांतून उचललं. त्याच्या चड्डीत बटण शिवलेलं होतं. पॉइंट झाला की दाबायचं, म्हणजे चित्र पोहोचायच्या आत मालकाला आकडा मिळे. पुढे आरोप मागे घेतले गेले, ते असो. टेलिप्रिंटर जाऊन चड्डीतलं बटण आलं एवढंच.

आणि सट्ट्यात हरलेला माणूस काय करतो? मटक्यात तो मडक्याला शिव्या द्यायचा, मडक्याला काही वाटायचं नाही. इथे मुलगी आहे, आणि फोनवरून तिच्यापर्यंत पोहोचता येतं. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने 2024 मधल्या सुमारे सोळा लाख पोस्ट तपासल्या. शिवीगाळ आणि धमक्यांच्या सुमारे आठ हजार निघाल्या, 458 खेळाडूंना उद्देशून. त्यातल्या शेकडा चाळीस पोस्ट सट्ट्यात पैसे हरून चिडलेल्यांच्या. ब्रिटनची केटी बोल्टर, हिला पॅरिसमध्ये पहिल्या सेटचा टायब्रेक हरल्यावर घरच्यांना मारण्याच्या धमक्या आल्या. ती मॅच तिने जिंकली, तरी.

आता ती संध्याकाळ. 13 जुलै 2024, शनिवार. आवणीचे दिवस, पाऊस असा की समोरचा डोंगर दिसत नव्हता. माझा विद्यार्थी चिखलाचे पाय घेऊन ओटीवर आला. "गुरुजी, टीव्ही लावा ना, तुमच्याकडे डिश आहे." क्रेचिकोव्हाविरुद्ध इटलीची जास्मिन पाओलिनी. याचे पैसे पाओलिनीवर. का, तर म्हणाला, "बुटकी हाये, पण काय पळते बघा." मला बरं वाटलं, निदान बघतोय तरी. पण तो टीव्हीकडे बघत नव्हता, फोनकडे बघत होता. फोनवर मुली नव्हत्या, नुसते आकडे होते, हिरवे आणि लाल.

तिसरा सेट, तीन-तीन. पाओलिनीची सर्व्हिस, ब्रेक पॉइंट. टेनिसमध्ये सर्व्हिसला दोन संधी असतात, दोन्ही चुकल्या तर पॉइंट गेला. पहिली चुकली. ती मागे वळली, रॅकेट सावरली. माझी बायको स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन आली आणि तीही उभी राहून बघायला लागली. पोरगा एकदम म्हणाला, "गेली! डबल फॉल्ट!" आणि एक शिवी दिली, माझ्या बायकोसमोर. नंतर तीच त्याने पाओलिनीच्या फोटोखाली लिहिली, हे मला पुढे कळलं.

मी टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर ती अजून चेंडू गवतावर आपटत उभी होती.