ताल बदलला तरच गाणं बदलतं
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मेटल म्हटलं की पुष्कळांना आधी गोंगाट आठवतो. त्या गोंगाटात ऐकायचं काय, हे मी आज सांगणार आहे. ज्या मेटलमध्ये ड्रमवादन नेहमीच्या चाकोरीबाहेरचं आहे आणि सोबत लोकवाद्यं आहेत, ते संगीत शोधायचं कसं आणि सापडल्यावर पारखायचं कसं, हा आजचा विषय. माझं म्हणणं थोडक्यात असं: लोकवाद्य आल्यामुळे ड्रमरचा हात बदलला, तरच गाणं खरोखर नवं झालं.

आधी ही चाकोरी कशी पडली ते पाहू. फेब्रुवारी 1970 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात गेली होती. पुढे तो तारा सैल करून वाजवू लागला. त्यामुळे सूर खाली उतरला आणि मेटलला तिचं वजन मिळालं. ड्रमर बिल वॉर्ड जॅझवर वाढलेला, म्हणून त्याच्या ठेक्यात झोका होता. पुढच्या पिढ्यांनी वेग वाढवला. बास ड्रम दोन्ही पायांनी वाजू लागला. 1987 मध्ये त्याच बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथचा ‘स्कम’ आला आणि ब्लास्ट बीट कानावर पडला. यात स्नेअर, बास ड्रम आणि झांज इतक्या जलद वाजतात की सुटे आघात विरघळून एकसंध थरथर उरते. ही तयारी असामान्य आहे. पण तिची नक्कल जगभर झाली आणि देश वेगळा, भाषा वेगळी, ताल मात्र एकच, असं होऊ लागलं.

लोकवाद्यं मेटलमध्ये आली ती याच सुमारास. 1991 मध्ये इंग्लंडच्या स्कायक्लॅडचा पहिला अल्बम आला. त्यात व्हायोलिन होतं. लोकसंगीताला मेटलशी जोडणाऱ्या प्रवाहाची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. पुढे फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड इथे असे बँड उभे राहिले. स्वित्झर्लंडच्या एलुवेटीचं 2008 चं ‘इनिस मोना’ हे गाणं फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका जुन्या लोकधुनेवर बेतलेलं आहे आणि ते हजारो तरुणांना तोंडपाठ आहे.

अशा गाण्यांसाठी माझी एक कसोटी आहे. ऐकताना मनातल्या मनात ते लोकवाद्य काढून टाका. गाणं होतं तसंच उभं राहिलं, तर ते वाद्य सजावटीला होतं. सजावटीतही आनंद असतो, तो मी नाकारत नाही. पण वाद्याची ताकद त्याहून मोठी असते. एलुवेटीच्या गाण्यांत हर्डी-गर्डी हे वाद्य ऐकू येतं. तिच्यात हाताने फिरवायचं चाक तारांवर घासतं. एका तारेखालची घोडी मुद्दाम सैल ठेवलेली असते. चाक फिरवताना मनगटाला झटका दिला की ती घोडी खालच्या लाकडावर थरथरते आणि खरखरीत ठोका निघतो. म्हणजे हे सुरांचं वाद्य स्वतःचा ताल स्वतः धरतं. त्या ठोक्याला ड्रमर उत्तर देतो की त्याला दाबून टाकतो, तिकडे कान द्या.

ड्रमरने लोकवाद्याला उत्तर दिल्यावर काय घडतं, याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण ब्राझीलचं आहे. सेपुलतुरा हा बँड 1984 मध्ये बेलो होरिझोंची शहरात मॅक्स आणि इगोर काव्हालेरा या भावांनी सुरू केला. सुरुवातीला तेही वेगाच्या मागे होते. 1993 च्या ‘केऑस ए.डी.’ या अल्बमची सुरुवात मॅक्सच्या अजून न जन्मलेल्या मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांनी होते आणि त्यातून इगोरचे ड्रम उगवतात. तिथून तो झांजांवरून खाली उतरून खोल आवाजाच्या टॉम ड्रमवर स्थिरावत गेला. सांबामध्ये सुर्दो नावाचा मोठा ढोल दुसऱ्या मात्रेवर वजन टाकतो. ते खालून येणारं वजन इगोरच्या हातात ऐकू येतं.

1996 चा ‘रूट्स’ याच्याही पुढे गेला. मंडळी मातो ग्रोसो प्रांतातल्या शावांते आदिवासींच्या गावात गेली, त्यांच्यासोबत वाजवलं आणि तिथेच ध्वनिमुद्रण केलं. अल्बमवरचं ‘इत्सारी’ ते हेच. बाहिया प्रांतातला तालवादक कार्लिन्होस ब्राउन ‘राटामाहाटा’मध्ये आला. ‘ॲटिट्यूड’ सुरू होतं बेरिंबाऊने. धनुष्यासारखी काठी, एक तार आणि भोपळा, एवढंच हे वाद्य. त्याची मुळं आफ्रिकेत आहेत आणि कापोएरा हे युद्धनृत्य खेळणाऱ्यांची चाल तेच ठरवतं. आता आपली कसोटी लावा. या अल्बममधून तालवाद्यं काढली तर गाणी कोसळतात, कारण गिटारसुद्धा त्यांच्याच वजनावर बेतलेली आहे.

दुसरं उदाहरण मंगोलियाचं. तिथल्या उलानबातरमधला द हू हा बँड 2016 चा. त्यांचा पहिला अल्बम ‘द गेरेग’ 2019 मध्ये आला. मोरिन हूर हे त्यांचं मुख्य वाद्य. घोड्याच्या केसांच्या दोन तारा आणि वर कोरलेलं घोड्याचं मस्तक. सोबत एकाच गळ्यातून खर्ज आणि त्याच्यावर शिटीसारखा सूर काढणारं कंठगायन. असा सूर उमलायला अवकाश लागतो. म्हणून इथला ड्रम धावत नाही. लय मध्यम आणि आघात रुंद. वेग सोडूनही मेटलचा दरारा टिकतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

तालाच्या गुंतागुंतीसाठी स्वीडनच्या उमेओ शहरातला मेशुगा ऐका. लोकवाद्य नाही, पण आपल्या मैफलींत तयार झालेल्या कानाला इथे मोठं घबाड आहे. ड्रमर टोमास हाके एका हाताने झांजेवर चारचा सरळ ठेका धरतो. पाय मात्र गिटारसोबत वेगळ्याच लांबीचा बोल वाजवतात. हे कसं चालतं त्याचा एक नमुना मांडतो. सोळा मात्रांचं आवर्तन धरा, आपल्या तीनतालाएवढं. त्यावर तेवीस मात्रांचा बोल पुन्हा पुन्हा वाजवा. आठ आवर्तनांत 128 मात्रा होतात. त्यात तो बोल पाच वेळा पूर्ण बसतो आणि तेरा मात्रा उरतात. तिथे बोल तोडायचा आणि समेवर सगळ्यांनी एकत्र यायचं. हातावर ताल धरून ऐकलंत, तर जे नुसतं आदळणं वाटलं होतं त्यातला हिशेब उलगडेल. अमेरिकेच्या टूल या बँडचा ड्रमर डॅनी केरी तर आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकला. 2000 सालच्या ‘सलिव्हल’ संचात ‘पुशिट’ गाण्याच्या प्रत्यक्ष मैफलीत आलोक दत्तांचा तबला आहे.

भारतात दिल्लीच्या ब्लडीवूडने पंजाबी ढोल मध्यभागी आणला. ते 2019 मध्ये जर्मनीतल्या वाकन महोत्सवात वाजवून आले आणि 2022 मध्ये त्यांचा ‘रक्षक’ आला. या ढोलाची एक काठी जाड आणि वाकडी, दुसरी बारीक, त्यामुळे घुमारा आणि कडकडाट एकाच वादकाकडून मिळतात. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने 2017 मध्ये ‘दशावतार’ हा अल्बम काढला. दोन्ही ऐका आणि कसोटी लावा. आपलं म्हणून गुण वाढवून देऊ नका.

आता शोधायचं कसं? केवळ ‘फोक मेटल’ या नावावर विसंबू नका, कारण त्या पाटीखाली सजावटच जास्त भरलेली आहे. ड्रमरपासून सुरुवात करा. तो कोणाकडे शिकला, कोणत्या गावच्या मिरवणुकी ऐकत वाढला, हे पाहा. अल्बमवर तालवादकांची नावं वाचा. लोकवाद्य वाजवणारा बँडचा सभासद आहे की एका दिवसापुरता बोलावलेला, यावरून पुष्कळ कळतं. मग त्या प्रदेशाचं मूळ लोकसंगीत ऐका. सांबाची मिरवणूक ऐकल्यावर ‘रूट्स’ दुप्पट उलगडतो. आणि पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त ड्रमचा माग धरा.

शेवटची गोष्ट इथल्या तरुणांसाठी. तुमच्यातले काही ढोल-ताशा पथकांत वाजवतात, काही गिटार घेऊन मेटल वाजवतात. हलगीची दुडकी चाल, संबळाचा गोंधळातला ठेका, ताशाची तर्री यांच्यावर उभी राहिलेली मेटल मला ऐकायची आहे. त्यासाठी गाणं पूर्ण झाल्यावर हलगीवाल्याला बोलावून चालणार नाही. पहिली ओळ बांधली जात असताना तो खोलीत हवा, त्याच्या ठेक्यावर गिटारची ओळ सुचायला हवी, अल्बमवर रचनाकार म्हणून त्याचं नाव हवं आणि मिळकतीत त्याचा बरोबरीचा वाटा हवा. हे तुम्ही केलंत, तर ते ऐकायला मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.