इन्स्टॉल करण्याआधी



 संमेलनाच्या अध्यक्षाने दूरचे बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र आपण रोज टाइप करतो त्या एका आज्ञेविषयी बोलणार आहे: ‘एनपीएम इन्स्टॉल’. पायथॉनवाल्यांनी ‘पिप इन्स्टॉल’ समजावे.

इन्स्टॉल म्हणजे फायली आणून ठेवणे, आणि धोका असलाच तर तो पुढे प्रोग्रॅम चालवताना, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एनपीएमच्या पॅकेजला ‘पोस्टइन्स्टॉल’ स्क्रिप्ट जोडता येते आणि ती इन्स्टॉल होतानाच चालू शकते. पायथॉनचे पॅकेज सोर्समधून बांधले जाते तेव्हाही त्याच्या लेखकाचा कोड आपल्या यंत्रावर चालतो, तोही आपल्याच अधिकारांनिशी. लॅपटॉपवरची टोकन, क्लाउडच्या किल्ल्या, सारे त्याच्या हाताशी असते. मागाहून स्कॅन करणे म्हणजे बहुधा पंचनामाच. म्हणून तपासणी आधी हवी, आणि ती कुणाच्या तरी नावावर हवी. मला आज सांगायचे आहे ते एवढेच.

‘आमच्याकडे ऑडिट चालते’ असे उत्तर येईल. जरूर चालवा, पण ते आधी नोंदलेले दोष दाखवते. पोलिसांच्या यादीत नाव नाही म्हणून भाडेकरू सज्जन ठरत नाही. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजच्या मूळ लेखकाने, स्वतःला ते लागेनासे झाल्यावर, मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे ते सोपवले. त्या माणसाने त्यात ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ हे नवे पॅकेज गुंफले. ‘कोपे’ या बिटकॉइन वॉलेटमधून चोरी करणारा कोड त्यातून आला. तेव्हा तो कोड कुठल्याच यादीत नव्हता. पॅकेजचा कारभारी बदलला आणि एक नवखे अवलंबित्व वाढले, ही खूण मात्र उघड होती. पाहणारा कोणी नव्हता.

‘ओपन सोर्स आहे, हजारो डोळे पाहतात’ हे दुसरे उत्तर. मार्च २०२४ मधले ‘एक्सझेड’ या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाचे प्रकरण आठवा. एकट्याने प्रकल्प सांभाळून थकलेल्या लेखकाचा विश्वास ‘जिआ टॅन’ नाव लावणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षे काम करून मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. घातक कोड चाचणीच्या फायलींत दडवला होता. त्याला जागे करणारी ओळ गिटच्या भांडारात नव्हतीच, ती फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. वाचणारे एक वाचत होते आणि इन्स्टॉल होत होते दुसरेच. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न पडला आणि तो त्याने सोडला नाही, म्हणून जग वाचले. अशा चिकाटीवर धोरण बेतता येत नाही.

मग करायचे काय? नवे पॅकेज घेण्याआधी नावाचे अक्षरन् अक्षर पाहा. एआय साहाय्यकाने सुचवलेले नाव असेल तर दुप्पट पाहा, कारण तो अस्तित्वात नसलेली नावेही सुचवतो आणि अशी नावे कोणीही नोंदवून ठेवू शकतो. कारभारी कोण, तो अलीकडे बदलला का, सोबत किती पॅकेजे येतात, स्क्रिप्ट काय करते, हे पाहा. स्क्रिप्ट बंद ठेवून इन्स्टॉल करता येते. ती सवय लावा. लॉकफाइल रिपॉझिटरीत ठेवा आणि तिच्यातला प्रत्येक बदल रिव्ह्यूत वाचा. नवी आवृत्ती आली की काही दिवस थांबा: सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ व ‘डीबग’ या एनपीएम पॅकेजांच्या लेखकाला फसव्या ईमेलने गंडवून सोडलेल्या घातक आवृत्त्या काही तासांतच हटवल्या गेल्या. जे थांबले होते ते सुटले. याला अपवाद सुरक्षा-दुरुस्तीचा. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावाच्या लॉगिंग लायब्ररीतले भगदाड उघडे पडले तेव्हा थांबणे हाच धोका होता. कधी थांबायचे आणि कधी धावायचे हे कळण्यासाठी आपल्याकडे काय काय बसवले आहे, ते ठाऊक हवे. सेबी आणि सर्ट-इन यांनी २०२४ पासून सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीचा आग्रह धरला आहे तो यासाठीच. पण यादी करणे म्हणजे तपासणे नव्हे.

इथे बसलेल्या व्यवस्थापकांना एक विनंती. ही तपासणी फुकटात होत नाही. अंदाजपत्रकात तिचे तास नसतील, तर डेडलाइनच्या आदल्या रात्री कनिष्ठ अभियंता काहीही न पाहता इन्स्टॉल करील आणि त्याचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. ज्याच्या फुकट श्रमांवर आपले बिल उभे आहे, त्या पॅकेजच्या लेखकालाही काही द्या. थकलेला लेखक हीही सुरक्षेची त्रुटीच आहे.

पुढच्या स्प्रिंटच्या नियोजनात ‘नवी पॅकेजे तपासणे’ हे काम लिहा, त्यापुढे एका माणसाचे नाव लिहा, आणि त्याला ‘नाही, हे घ्यायचे नाही’ म्हणण्याचा अधिकार द्या.