इमारत गेली, शिक्षक उरले

(स्वतः संगीताचे शिक्षण घेत असतानाच शाळांत आणि खासगी वर्गांत शिकवू लागलेल्या तरुण शिक्षकांसमोर यवतमाळ येथे केलेले भाषण.)



संगीताविषयी बोलण्याचा माझा अधिकार ऐकणाऱ्याचा आहे, गाणाऱ्याचा नाही. पत्रकार या नात्याने अनेक मैफली ऐकल्या, त्यांची वृत्ते लिहिली. परंतु स्वतः कधी गायलो नाही. त्याचे कारण तुमच्या कामाशी निगडित आहे, म्हणून आधी तेच सांगतो. पाचवीत असताना स्नेहसंमेलनाच्या स्वागतगीतात माझी निवड झाली होती. तालमीच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी सर्वांसमोर म्हणाले, ‘तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस.’ मुले हसली. संमेलनात मी ओठ हलवले. आज पन्नाशी उलटली, तरी शाखेत सांघिक गीत सुरू झाले की पहिल्या ओळीला माझा आवाज घशातच अडतो. ते गुरुजी दुष्ट नव्हते. बहुधा तुमच्यासारखेच नवखे होते आणि कार्यक्रम चांगला व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती. कार्यक्रम संपला, ते वाक्य मात्र चाळीस वर्षे माझ्यासोबत राहिले.

मित्रहो, विद्यार्थिदशेत शिक्षक होणे ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कुरुंदवाडला जन्मलेला, बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झालेला आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला हा गायक. राजाश्रय सोडून त्यांनी समाजाचा आश्रय पत्करला. कुलीन घरांत गाणे हलके मानले जात असे, त्या काळात त्यांनी संगीताला शाळेची शिस्त, अभ्यासक्रम, स्वरलिपी आणि प्रतिष्ठा दिली. मला त्यांचे सर्वांत दूरदृष्टीचे कार्य वाटते ते ‘उपदेशक वर्ग’. निवडक विद्यार्थ्यांना आपल्याजवळ ठेवून, त्यांच्या निवास-भोजनाचा भार उचलून, त्यांना संगीतशिक्षक म्हणून घडवण्याची ती योजना होती. नुसते गवई नव्हेत, तर गाव सोडून परप्रांती जाणारे, निर्व्यसनी आणि ध्येयनिष्ठ प्रचारक त्यांना हवे होते.

पुढे कर्जापायी मुंबईतील विद्यालयाची इमारत हातची गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी पंडितजींनी देह ठेवला. व्यवहाराच्या तराजूत तोलले तर हे अपयशच. परंतु त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची उभारणी केली. विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात, प्रा. देवधरांनी मुंबईत आणि पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी काशीत विद्यादानाचे कार्य उभे केले. आज तुम्ही प्रारंभिक ते अलंकार या ज्या परीक्षा देता, त्यांचे मूळ त्या शिष्यमंडळींच्या कार्यात आहे. इमारत गेली, शिक्षक उरले. आणि शिक्षक उरले म्हणून संगीत उरले.

आपल्या यवतमाळलाही शिक्षकांचा असाच वारसा आहे. ‘वंदे मातरम्’च्या घोषासाठी नागपूरच्या शाळेतून काढून टाकलेले केशव बळिराम हेडगेवार याच नगरातील राष्ट्रीय शाळेत, विद्यागृहात, शिकायला आले. सरकारी रोषाची भीती न बाळगता अशा मुलांना जवळ करणारे शिक्षक तेव्हा येथे होते. कोवळ्या कंठातून उमटणाऱ्या शब्दांचे सामर्थ्य राज्यकर्त्यांनी ओळखले होते. आपण शिक्षकांनी ते कमी लेखावे काय?

आता तुमच्या दायित्वाविषयी चार गोष्टी सांगतो.

पहिली, मुलाचा आवाज ही तुमच्याकडे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. आपल्याला सोयीची पट्टी मुलांना सोयीची असतेच असे नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो; त्या काळात तार सप्तकाचा हट्ट धरू नका आणि ‘बेसूर’ हा शिक्का तर मुळीच मारू नका. स्वर लागत नसेल त्याला तानपुऱ्याजवळ बसवा, एकच षड्ज पुनःपुन्हा ऐकवा. गाता येत नाही म्हणून गप्प बसवणे हे शिकवणे नव्हे.

दुसरी, शिकवणे म्हणजे रियाज नव्हे. दिवसभर अलंकार घोटून घेतले की गळा थकतो, विद्या वाढत नाही. पहाटेचा तासभर स्वतःसाठी राखा. गुरूंकडे जाणे सोडू नका. ज्येष्ठ शिक्षकांच्या वर्गात कोपऱ्यात बसून ते चूक कशी सुधारतात ते पाहा आणि वहीत टिपून ठेवा. चांगली मैफल ऐकायला नागपूर वा अमरावती गाठावी लागली तरी गाठा. प्रा. देवधरांचे ‘थोर संगीतकार’ संग्रही ठेवा. मोठी माणसे किती कष्टाने शिकली हे त्यातून कळते.

तिसरी, परीक्षा हे साधन आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून वर्गांत गर्दी वाढली. गर्दीचे स्वागतच करू या. परंतु परीक्षेपुरते राग पाठ करून घेणारा शिक्षक गुणपत्रिका देतो, संगीत देत नाही. पालकांना हे नम्रपणे आणि स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य तुमच्यात हवे. योग्य शुल्क घेण्यात संकोच नको. मात्र शुल्क देता येत नाही म्हणून एखादे गुणी मूल दारातून परत जाऊ नये. आणि गुरु-शिष्य नात्याच्या पावित्र्याची ग्वाही आपल्या वर्तनातून द्या. वर्गाचे दार उघडे असावे, पालकांना केव्हाही येता यावे. श्रद्धा मागायची नसते, मिळवायची असते.

चौथी, येथील मातीचे गाणे पुसू नका. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने विदर्भातील गावे जागी केली. बंजारा तांड्यावर होळीला लेंगी घुमते, गोंड-कोलामांच्या वस्त्यांवर दंडार रंगते. पोडावरचे मूल तुमच्या वर्गात येते ते रिकाम्या हाताने येत नाही. अंगात लय घेऊन येते. त्याला आधी त्याचे गाणे गाऊ द्या, मग तुमचा भूप शिकवा. तांडा, पोड आणि नगर यांना एका सुरात बांधण्याचे याहून सोपे साधन मला ठाऊक नाही. आपण ज्याला समरसता म्हणतो, ती भाषणांपेक्षा अशा वर्गात लवकर साधते.

मित्रहो, तुमच्यापैकी सगळेच मोठे गायक होतील असे नाही. परंतु तुमच्या हातून शिकलेले मूल मोठेपणी चारचौघांत मोकळेपणाने गाऊ शकले, तर तुमची साधना फळाला आली असे समजा. मागच्या रांगेत एखादा मुलगा नुसते ओठ हलवताना दिसला, तर त्याच्याजवळ जा, खांद्याशी वाका आणि त्याच्यासोबत गा.

वंदे मातरम्!